निसर्गस्थळांची नोंद आणि तरुण लेखणी

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही पुस्तिका दरवर्षी निघते, ते आम्हांला भूगोल शिकवीत. त्यांचा भूगोल पुस्तकात फारसा नसे. पावसाळा सरला की एखाद्या रविवारी ते आम्हां पाचदहा मुलांना घेऊन गावाबाहेर पडत आणि परतल्यावर प्रत्येकाकडून एक पान लिहून घेत. त्या पानावर ‘निसर्गाने मुक्त हस्ताने उधळण केली होती’ असे वाक्य आले की ते त्याखाली तांबडी रेघ मारीत आणि समासात एवढेच विचारीत, की उधळण कशाची, कोठे आणि किती? त्या तांबड्या रेघांचा आम्हांला तेव्हा राग येई. त्या रेघांचा अर्थ पुढे एका प्रसंगाने कळला.

आमच्या त्या भटकंतीच्या वाटेवर एक झरा होता. जांभ्या दगडाच्या कपारीतून निघणारा, चैत्रातही न आटणारा. आम्ही ओंजळीने त्याचे पाणी प्यायलो आहोत. पुढे कित्येक वर्षांनी रस्ता रुंद झाला, भराव पडला आणि झरा त्याखाली गेला. काही मंडळींनी हरकत घेतली तेव्हा त्यांना साधा प्रश्न विचारण्यात आला, की तेथे बारमाही पाणी होते याला आधार काय? नकाशात झरा नव्हता. कोणत्याही दप्तरात तो नव्हता. आम्हां सर्वांच्या आठवणीत तो होता. परंतु आठवण ही पुरावा म्हणून पुढे ठेवता येत नाही. गुरुजींनी लिहून घेतलेली ती पाने जपून ठेवण्याचे कोणालाच सुचले नव्हते. एका तारखेची, एका ठिकाणाची, एका मुलाने लिहिलेली चार ओळींची नोंद जरी हाती असती, तरी निदान त्या प्रश्नाला उत्तर देता आले असते.

या लेखात जे सांगावयाचे आहे ते एवढेच: राखण्याजोगी जागा राखली जाण्यापूर्वी ती लिहिली जावी लागते, आणि हे लिहिण्याचे काम शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना उत्तम जमण्यासारखे आहे.

एका वटवाघळाची कथा

याचे एक बोलके उदाहरण आपल्या बेळगाव जिल्ह्यातच आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली भारतातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. ती १९२३ पर्यंत चालली. या पाहणीत खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतून एक वटवाघूळ हाती लागले. मोठाले, पुढे झुकलेले कान आणि पडद्याबाहेर मोकळी राहिलेली शेपटी ही त्याची लक्षणे. १९१३ साली ऑल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि पाहणीच्या कामात पुढाकार घेणारे वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्याला दिले. तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षे, जगाच्या पाठीवर हा प्राणी केवळ याच एका गुहेत असल्याचे ज्ञात होते. २००० सालानंतर तो कंबोडियात आणि मेघालयातही आढळला.

या एका नोंदीने काय साधले, ते पाहण्यासारखे आहे. वटवाघूळ हा काही लोकांच्या प्रेमातला प्राणी नव्हे. फळे खाणारी वटवाघळे तर कायद्याने कित्येक दशके उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती जुनी यादी गेली. असे असूनही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण देणाऱ्या परिशिष्टात, वाघाच्या पंक्तीला हे रॉटनचे वटवाघूळ जाऊन बसले. भीमगडचे रान राखावे असे म्हणणाऱ्यांच्या हाती जी कारणे होती त्यांत या प्राण्याचे नाव नेहमी अग्रभागी असे. अखेर डिसेंबर २०११ मध्ये सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य घोषित झाले. त्या अंधाऱ्या गुहेत शंभर वर्षांपूर्वी कोणी शिरलेच नसते, किंवा शिरूनही ठिकाण आणि तारीख न लिहिता परतले असते, तर आपल्या तालुक्याच्या बाजूने बोलणारा एक साक्षीदार कमी झाला असता.

पहिल्या परिशिष्टात जागा मिळालेल्या दुसऱ्या एका वटवाघळाची कथा याहून मार्मिक आहे. दक्षिणेतील हाय वेव्हीज डोंगरांत अँगस हटन या हौशी निसर्गअभ्यासकाने १९४८ साली एक फलाहारी वटवाघूळ मिळविले. ते ओळखण्यात चूक झाली आणि सामान्य जातीचे म्हणून ते सोसायटीच्या संग्रहात पडून राहिले. १९७२ साली थायलंडचे अभ्यासक कित्ती थाँगलाँग्या यांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा ती एक स्वतंत्र जातच नव्हे तर स्वतंत्र प्रजाती निघाली. डॉ. सलीम अली यांचे नाव तिला देण्यात आले. नाव चुकले होते. परंतु नमुना जपलेला होता आणि त्याचे ठिकाण नोंदलेले होते, म्हणून चोवीस वर्षांनीही चूक दुरुस्त होऊ शकली. विद्यार्थ्यांनी यातून घ्यावयाचा बोध असा, की सगळे ठाऊक असल्याशिवाय लिहू नये हा संकोच व्यर्थ आहे. नाव मागाहून कळते. जागा आणि तारीख मात्र त्याच दिवशी लिहावी लागते. ती मागाहून मिळत नाही.

शाळकरी वयातील नोंद

‘मुलांच्या लिहिण्याला कितीसे मोल असणार’ अशी शंका काही पालकांच्या मनात येईल. तिचे उत्तर स्वतः सलीम अलींच्या बालपणात मिळते. दहाएक वर्षांच्या वयात हातात छर्‍याची बंदूक घेऊन हिंडणाऱ्या या मुलाने चिमण्यांच्या एका घरट्याविषयी नोंद करून ठेवली होती. घरट्याबाहेर बसणारा नर त्याने मारला, तर थोड्याच वेळात त्या मादीने दुसरा नर मिळविला. असे सात दिवसांत आठ नर झाले. आज आपण त्या बंदुकीचे समर्थन करणार नाही, आणि पुढे त्यांनीही पक्ष्यांना पाहण्याचीच दीक्षा देशाला दिली. पण त्या नोंदीतील गुण पाहा. दिवस मोजलेले आहेत, नर मोजलेले आहेत आणि जे दिसले तेवढेच लिहिलेले आहे. म्हणूनच १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, आयुष्याच्या उत्तरार्धात, ती नोंद त्यांना निःसंकोचपणे देता आली. ‘चिमण्या फार सुंदर होत्या’ असे त्या मुलाने लिहिले असते, तर त्या कागदाचे पुढे काय झाले असते हे सांगावयास नको.

मराठी वाङ्मयात निसर्गलेखनाची परंपरा मोठी आहे. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिन्यांचा निसर्ग महिन्यांच्या क्रमाने लिहिला; मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात रानातील माणसांकडून पशुपक्ष्यांची आणि झाडांची नावे गोळा केली. या लेखकांची भाषा सुंदर आहे म्हणून आपण त्यांना वाचतो. परंतु त्या सौंदर्याच्या बुडाशी वर्षानुवर्षांचे पाहणे आहे, हे आपल्या लक्षात राहत नाही. आपली मुले त्यांची विशेषणे उचलतात आणि पाहणे सोडून देतात.

नोंद कशी करावी

एक साधी वही आणि शिसपेन्सिल पुरे. पावसात शाई पसरते, शिसे पसरत नाही. पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ, ठिकाण, हवा आणि बरोबर कोण होते, ही पाच कलमे. ठिकाण असे लिहावे की परक्या माणसालाही तेथवर पोहोचता यावे: अमुक गावाच्या कोणत्या दिशेला, कोणत्या ओहोळाच्या कोणत्या काठावर, कोणत्या झाडापासून किती पावलांवर.

त्याखाली जे पाहिले ते. येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची सवय लावून घ्यावी. जे डोळ्यांनी पाहिले ते एका भागात. जे दुसऱ्याने सांगितले ते सांगणाऱ्याच्या उल्लेखासह दुसऱ्या भागात. आणि आपल्याला जे वाटते ते तिसऱ्या भागात. ‘येथे गवा येतो’ या वाक्यात हे तिन्ही मिसळलेले असू शकते. गवा दिसला, की त्याचा खूर चिखलात उमटलेला दिसला, की गुराख्याने सांगितले, की पाणवठा पाहून येत असावा असे वाटले? चारही वाक्ये लिहिण्याजोगी आहेत. पण ती चार निरनिराळी वाक्ये आहेत.

नावाच्या बाबतीत गावचे नाव प्रथम लिहावे. धनेश पक्ष्याला, किंजळीला, एखाद्या रानफुलाला तेथील माणसे काय म्हणतात, हे विचारावे. सीमाभागात एकाच झाडाला मराठी, कानडी आणि कोंकणी अशी तीन नावे असतात, तिन्ही लिहावीत. पुस्तकातील नाव घरी आल्यावर शोधता येते. गावचे नाव मात्र एखाद्या आजीबरोबर निघून जाते.

आणि पुन्हा पुन्हा जावे. दहा जागा एकदा पाहण्यापेक्षा एक जागा दहा वेळा पाहणे अधिक मोलाचे. कारवीचेच पाहा. आपल्या सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी साधारणतः सात वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. निरनिराळ्या डोंगरांचे फुलण्याचे वर्ष निरनिराळे असते. एखाद्या मुलीने पाचवीत असताना आपल्या डोंगरावरची कारवी फुललेली पाहिली, तर त्याच डोंगरावर ती पुन्हा फुलेल तेव्हा ती मुलगी बारावीत असेल. शाळेच्या आयुष्यात दोनदा मिळणारी ही संधी आहे. एका तुकडीने लिहिलेली वही शाळेने जपली आणि पुढच्या तुकडीने तीत भर घातली, तर एका माणसाला न दिसणारे चक्र एका शाळेला दिसू शकेल.

न दिसलेलेही लिहावे. ‘चैत्र शुद्ध पंचमी, झऱ्यावर गेलो, पाणी नव्हते’ ही नोंद वाचावयास शुष्क वाटते, परंतु पाच वर्षांच्या अशा नोंदी एकापुढे एक मांडल्या म्हणजे त्यांतून गावाच्या पाण्याची कथा उभी राहते.

वहीपासून निर्णयापर्यंत

लिहिलेल्या गोष्टीचा उपयोग कोठे होतो, हे आता पाहू. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला, म्हणजे ग्रामपंचायतीला वा नगरपालिकेला, जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापण्यास सांगितले आहे. या समितीने लोकांशी विचारविनिमय करून आपल्या हद्दीतील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीचे ज्ञान यांची नोंदवही करावयाची असते. ही कल्पना रुजविण्यात डॉ. माधव गाडगीळ यांचा वाटा मोठा होता, आणि विद्यार्थी व शिक्षक हे अशा नोंदींचे स्वाभाविक कार्यकर्ते आहेत हे त्यांनी आग्रहाने मांडले. शाळेच्या वहीतील मजकूर पंचायतीच्या नोंदवहीत जाणे, ही त्या वहीची पहिली पायरी.

दुसरे उदाहरण घाटाखालचे आहे. २०२० साली गोव्यातील भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान यांच्या क्षेत्रातून तीन प्रकल्प जावयाचे होते: महामार्गाचे रुंदीकरण, वीजवाहिनी आणि तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे लोहमार्गाचे दुपदरीकरण. टाळेबंदीच्या त्या काळात गोव्यातील पुष्कळ तरुण मंडळींनी, त्यांत विद्यार्थी, चित्रकार, वकील, अभ्यासक असे सर्व होते, मोलेच्या रानाविषयी लिहिले, चित्रे काढली, शासनाला पत्रे पाठविली आणि प्रकल्पांच्या अहवालांतील उणिवा दाखवून दिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नेमलेल्या समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला आणि ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीवविषयक मान्यता रद्द केली. सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्यास मात्र वाव ठेवला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चित्रांनी आणि कवितांनी लोक जागे झाले, हे खरे. परंतु न्यायालयापुढे उभे राहिले ते अहवाल, नकाशे आणि प्राण्यांच्या नोंदी. दोन्हींची गरज असते आणि दोन्हींची जागा वेगळी असते.

तिसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे, आणि म्हणूनच सांभाळून बोलावयाचे. खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. त्याच तालुक्यात देगावच्या परिसरात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेकडे गोव्यात उतरून मांडवी या नावाने पणजीपाशी समुद्राला मिळते. एकाच रानाच्या कुशीत दोन समुद्रांच्या वाटा फुटतात. म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळविण्याच्या प्रश्नावरून राज्याराज्यांत दीर्घ वाद झाला. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा देऊन गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरविले. त्यावरही पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. आपल्यापैकी कोणाचे नातेवाईक पूर्वेच्या कोरड्या शेतीवर जगतात, कोणाचे पश्चिमेच्या पाण्यावर. तहान दोन्हीकडे खरी आहे. कोणाची बाजू घ्यावी हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्या रानात हे झरे फुटतात त्या रानातील मुलांनी, कोणत्या महिन्यात कोणत्या ओहोळाला किती पाणी होते, हे वर्षानुवर्षे लिहून ठेवले, तर ती वही कोणत्याही बाजूची न राहता सर्वांच्या उपयोगाची होईल. भांडणात आवाज चढतो; नोंद मात्र तोच आकडा सांगत राहते.

लिहिण्याचा दोष

आता एक कबुली. लिहिण्याने जागा वाचते असे मी म्हणत आलो. लिहिण्याने जागा बिघडतेही. ऐन तारुण्यात मी एका धबधब्याविषयी लेख लिहिला होता. तो वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापून आला, लोकांनी कौतुक केले. वाट कशी, मुक्काम कोठे, डोहात पोहणे किती सुखाचे, हे सर्व मी हौसेने लिहिले होते. दोन पावसाळ्यांनी पुन्हा गेलो तेव्हा डोहाच्या काठी पत्रावळ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि फुटक्या बाटल्यांचा खच होता. तेथे गुरे पाण्यावर आणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला ओळखले नाही, हे माझे सुदैव. ‘कोणीतरी पेपरात छापलं हो,’ एवढेच ते म्हणाले. काचेने त्यांच्या म्हशीचा पाय कापला होता. त्या लेखात मी सर्व काही लिहिले होते. त्या पाण्यावर कोण जगते हे मात्र लिहिले नव्हते.

तेव्हापासून दोन पथ्ये मी स्वतःला घालून घेतली आणि तीच विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. पहिले असे, की वही आणि लेख या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वहीत नेमके ठिकाण असावे. छापावयाच्या लेखात ते असावेच असे नाही. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवीत असते, तेव्हा तो वृक्ष कोणता हे जगाला सांगू नये. दुर्मीळ आमरी, वटवाघळांची गुहा, सापांचे बीळ यांचे ठिकाण अभ्यासकाला, वनखात्याला कळवावे. गर्दीला कळवू नये. बारापेड्याचे नाव येथे घेतले ते अभयारण्यात असल्यामुळे आणि शंभर वर्षे ग्रंथांत असल्यामुळे; तेथे जावे म्हणून नव्हे. वटवाघळांच्या गुहेत शिरणे, उजेड पाडणे, आवाज करणे हे त्यांच्या पिलांच्या जिवावर बेतू शकते.

दुसरे पथ्य माणसांविषयी. रान रिकामे आहे असे लिहू नये. भीमगडच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती केलेली गावे आहेत. पावसाळ्यात त्यांचा जगाशी संबंध तुटतो; शाळा, दवाखाना, वीज, रस्ता यांसाठी ती माणसे झगडत आली आहेत. काहींना बाहेर येऊन नव्याने संसार मांडावासा वाटतो, काहींना पूर्वजांची जागा सोडवत नाही. अभयारण्याची कथा लिहिताना ही दोन्ही मते वहीत आली नाहीत, तर ती नोंद अपुरी राहील, आणि अपुरी नोंद अन्यायाला कारण होते.

परवानगीशिवाय वनात जाऊ नये, शिक्षक वा जाणते माणूस बरोबर असल्याशिवाय ओढ्यात उतरू नये, काही उपटून वा उचलून आणू नये, या गोष्टी वेगळ्या सांगण्याची गरज नसावी. आणि हेही ध्यानात असू द्यावे, की पाहावयास भीमगडच लागतो असे नाही. शाळेमागची विहीर, गावची देवराई, तळे, पावसाळ्यात फुलणारा जांभ्याचा सडा, रस्त्याकडेचा वडदेखील पुरेसा आहे. १९८७ च्या नोव्हेंबरात पश्चिम घाट बचाव पदयात्रेतील तरुण एकीकडे कन्याकुमारीहून आणि दुसरीकडे नवापूरहून निघाले आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये गोव्यात एकत्र आले. त्यांनी सारा घाट पायांखाली घातला. आपल्या मुलांनी आपापल्या शिवारापुरते चालले तरी पुष्कळ झाले.

शाळेला एक विनंती करून हा लेख संपवितो. ग्रंथालयातील एक कपाट या वह्यांसाठी राखून ठेवावे. प्रत्येक वहीवर गावाचे नाव, वर्ष आणि तुकडी लिहावी, आणि दर पावसाळ्यानंतर नव्या मुलांनी जुन्या वह्या घेऊन त्याच जागी जावे. गुरुजींनी आमची पाने तपासून परत दिली. आम्ही ती रद्दीत घातली. झरा तर गेलाच. पुढचा झरा जाईल की राहील हे कोणी सांगावे. परंतु तो होता की नव्हता, असा प्रश्न विचारला जाईल त्या दिवशी या शाळेच्या कपाटातून एक वही काढून दाखविता आली पाहिजे.